कौतिकअक्का आणि उघडी गाडी

कौतिकअक्का मला पहिल्यांदा दिसली तेव्हा तिचे फक्त तळपाय दिसले. एका लांबलचक, फिकट हिरव्या मोटारीच्या मागच्या सीटवर ती पालथी पडली होती. कमरेपासून वरचं सगळं अंग सीटमागच्या खळग्यात. मी बदली होऊन जळगावात नुकतीच उतरले होते, एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात स्टोव्ह. जिच्या माडीवरची खोली मला मिळाली होती ती घरमालकीण समोरच्या शेडमध्ये आहे, एवढंच कोणीतरी सांगितलं होतं.

"अक्का, मी नवीन भाडेकरू," मी त्या तळपायांना म्हणाले.

आतून आवाज आला, "घडीभर गप ऱ्हा बाई. पंप काय सांगस ते ऐकी राहिनू."

मी गप्प राहिले. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, गप्प राहायची मला सवय नव्हती. पण त्या आवाजात असं काही होतं की मी वळकटी खाली ठेवली आणि मीही ऐकू लागले. पुढच्या सीटवर शालिकभाऊ ड्रायव्हर बसला होता. त्यानं बटण दाबलं की सीटमागे गुरगुर सुरू व्हायची, सोडलं की थांबायची. पाच-सहा वेळा असं झाल्यावर अक्का बाहेर आली. चाळिशीच्या आतबाहेरची, काटक, कपाळ मोकळं, पदर कमरेला खोचलेला आणि ब्लाउजच्या खांद्यावर दोरा ओवलेली वाकडी सुई. तिनं माझ्याकडे पाहायच्या आधी माझ्या साडीचा पदर दोन बोटांत धरला, चोळला आणि म्हणाली, "हाई ऊन खायेल शे. वरीसभर टिकी." त्यानंतर मग खोलीची किल्ली दिली.

साडी बरोबर वर्षभर टिकली.

कापड हाताला लागलं की अक्काला त्याचं सगळं कळायचं. तिचा धंदाच तो. खाली दुकानात ट्रकच्या ताडपत्र्या, मळणीच्या खळ्यावर टाकायची कापडं, मांडवाच्या कनाती असं सगळं जाडंभरडं शिवण चालायचं. नवरा मोटारींच्या सीटा आणि हूड, म्हणजे कापडी छपरं, शिवायचा. तो गेला तेव्हा मुलगी विमल दीड वर्षाची होती. नवऱ्याचं नाव अक्का घेत नसे, कायम "विमलना बाप". त्याच्याकडून ती कधी काही शिकली नव्हती. हूड ताणून बसवायला समोरून दुसऱ्या कोणीतरी धरावं लागतं, आणि धरायला ही होती. "त्या एक अंग धरेत, मी दुसरं," एवढंच तिचं शिक्षण. तो गेल्यावर ती दोन्ही अंगं धरू लागली.

आता त्या गाडीबद्दल सांगायला हवं, कारण अक्काची आठवण गाडीशिवाय निघतच नाही. एका जुन्या कापूस व्यापाऱ्यानं हौसेनं आणलेली ती अमेरिकन गाडी. व्यापारी म्हातारा झाला, हौस संपली, आणि गाडी लग्नांना जाऊ लागली, हूडची निगा अक्काकडे. जळगावात आणि आजूबाजूच्या गावांत तिला नुसतं 'उघडी' म्हणत. "वरातीला उघडी सांगितली का?" असं विचारत. घोडं कोणालाही मिळे, उघडी मिळायला तिथी जुळावी लागे. बटण दाबलं की कापडाचं अख्खं छप्पर आपोआप उठायचं, मागे जायचं, घडी घालून सीटमागच्या खळग्यात उतरायचं, आणि नवरदेव सगळ्या गावाला दिसू लागायचा. ते बघायला पोरंच काय, मोठी माणसंही हातातली कामं टाकून यायची.

मी नववीला पास्कलचा नियम शिकवत असे. बंद जागेतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. फळ्यावर दोन नळ्या काढायच्या, बाण काढायचे, आणि मुली ते वहीत उतरवून घेत. तोच नियम अक्काच्या शेडमध्ये रोज कामाला जुंपलेला होता. मागच्या सीटखाली एक विजेची मोटर, तिच्याशी जोडलेला पंप आणि लोटाभर तेल मावेल एवढी टाकी. तिथून रबरी नळ्या दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांना गेलेल्या. तेल खालून शिरलं की दांडे वर सरकतात, हूडच्या लोखंडी कमानी उभ्या राहतात. बटण उलटं दाबलं की तेल वरून शिरतं आणि हूड मागे झोपतो. मला हे समजायला दोन मिनिटं लागली. पण तो हूड वीस-वीस वर्षं चालता कसा ठेवायचा हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही.

अक्काला येत होतं. गाडी उभी पाहिजे. इंजिन चालू पाहिजे, नाहीतर सगळा भार बॅटरीवर येतो आणि हूड अर्ध्यात रुसतो. पुढच्या काचेवरच्या दोन्ही कड्या सोडल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही. मागची प्लॅस्टिकची काच आधी चेन उघडून आडवी करायची आणि तिच्यावर जुन्या लुगड्याची मऊ घडी ठेवायची, म्हणजे ती दुमडून तडकत नाही. कापड ओलं असताना मिटायचं नाही. दवानं भिजलेलं असलं तरी नाही. "वल्ला हूड मिटशी ते तिसरे दिन कुजी जाई," असं ती शालिकभाऊला दर खेपेला सांगे, आणि तो बिचारा दर खेपेला पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवी. चातुर्मासात लग्नं नसत, तेव्हाही आठवड्यातून एकदा ती शेडमध्ये जाऊन हूड एकदा उघडून एकदा बंद करून येई. बसून राहिलं की आतले रबरी वॉशर सुकतात. लगीनसराईच्या आधी ती जुनं तेल काढून नवं ब्रेक ऑइल भरे आणि सांडलेला प्रत्येक थेंब लगेच पाण्यानं पुसून काढी, कारण ते तेल रंग खातं. तिच्या नखांभोवतीची कातडी त्यानं कायम सोललेली असे.

कधी हूड उठताना मधेच लुळा पडे, उठल्यासारखा करी आणि थांबे. मला वाटे, आता काहीतरी मोठं बिघडलं. अक्का म्हणे, "काही नही, त्याना पोटमा वारा गयेल शे." नळ्यांत हवा शिरलेली असे. टाकीचं झाकण सैल करून ती हूड चार-सहा वेळा वर-खाली करवी. टाकीत बुडबुडे येत, तेल थोडं उतरे, ती आणखी घाली. शेवटचा बुडबुडा येऊन गेला की हूड गुमान चालू लागे. ती हात धुई आणि कळण्याची भाकरी खायला बसे.

एकदा मी नववीच्या पोरींना रांगेत शेडपर्यंत घेऊन गेले. पास्कलचा नियम डोळ्यांनी दाखवावा म्हणून. विमल त्याच वर्गात होती, लाजून मागे उभी. मी माझं भाषण सुरू केलं. अक्का थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाई, तुम्ही फळावरच गाडी चालाडतस." आणि तिनं एका पोरीला डाव्या बाजूला उभं केलं, एकीला उजव्या, दोघींना कमानीवर तळहात ठेवायला सांगितलं आणि शालिकभाऊला खूण केली. हूड उठू लागला. "दोन्ही अंगले जोर सारखाच शे ना? आते सांगा, डावं मागे का ऱ्हास?"

डावी बाजू खरंच मागे राहत होती, चार बोटं. पोरींनी माझ्याकडे पाहिलं. मी पास्कलकडे पाहिलं. तो काही बोलेना.

"डावं अंग दुखरं शे," अक्का म्हणाली, "दुखरा हातनी तेवढंच वझं उचलाले येळ लागसच." त्या वर्षी घर्षणावरचा प्रश्न सगळ्या वर्गानं बरोबर सोडवला.

डावं अंग दुखरं का झालं, त्याची गोष्ट शालिकभाऊ रंगवून सांगे. फैजपूरकडच्या एका लग्नात करवल्यांनी नवरदेवाचे जोडे लपवले. आता लपवायला सगळा मांडव मोकळा होता, पण कोणा हुशार पोरीच्या डोक्यात आलं की गाडीमागचा हूडचा खळगा ही जागा ब्रह्मदेवालाही सापडणार नाही. मानाचा सौदा पुरा व्हायच्या आत पावसाचे चार थेंब पडले. शालिकभाऊनं घाईघाईनं बटण दाबलं. नवरदेवाचा डावा जोडा कमानीच्या सांध्यात अडकला, उजवी बाजू वर निघून गेली, डावी वाकली. जोडा निघाला, नवरदेव जोडा घालून सासरी जेवलाही, पण ती कमान परत कधी सरळ झाली नाही. अक्कानं ठोकून, वाकवून, तेल-ग्रीस घालून तिला चालती केली. तेव्हापासून हूड उघडताना कोणीतरी डाव्या बाजूला उभं राहून कमानीला नेमक्या क्षणी तळहाताचा आधार द्यावा लागे आणि त्याच वेळी कापडाची झोळ आत ओढावी लागे. शालिकभाऊनं शिकायचा प्रयत्न केला. कापड चिमटलं. मग त्यानं नाद सोडला.

म्हणून प्रत्येक लग्नाला अक्काला जावं लागे. आणि ती ज्या पद्धतीनं जाई, त्याचा मला राग येई.

आमच्याकडे नवरदेव आधी मारुतीच्या पाराशी येतो, तिथून वाजतगाजत मांडवाकडे निघतो. गाडी गावातून बंद हूडनं यायची आणि पारामागच्या मोकळ्या जागेत उभी राहायची. अक्का तिथे आधीच पोचलेली असे. कड्या सोड, काच आडवी कर, लुगड्याची घडी ठेव, डाव्या कमानीला हात दे, हूड खळग्यात बसव, त्यावर झाकणाचं कापड ताणून बटणं लाव. एवढं झालं की ती सीटवरून एकदा हात फिरवी आणि पारामागच्या बोळातून निघून जाई. बँड वळणावर यायच्या आत. विधवा बाईनं वरातीच्या तोंडावर उभं राहू नये, असं तिला कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. म्हणायची कोणावर वेळच तिनं येऊ दिली नाही.

एकदा मी सरळच विचारलं, "अक्का, तुम्ही उघडी गाडी वरातीत बघितली आहे का कधी?"

"नही."

"एकदाही?"

"मी दखेल नही. मन्हा हात लागना, तेवढं बस. नजर कायले?"

मी भांडले. शिकलेल्या बाईला जे जे सुचतं ते सगळं बोलले. ती सुईत दोरा ओवत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "बाई, आठ वरीसना संसार व्हता मन्हा. तोबी पुरा झाया नही. लोकेसनी पोर नवी बसस त्या गाडीमा. मन्हामुळे काही व्हयनं नही व्हयनं, माले कसं समजी?" तिच्या बोलण्यात भक्ती नव्हती की भीतीही नव्हती. ज्या काळजीनं ती ओला हूड मिटू देत नसे, त्याच काळजीनं ती बोळातून निघून जात असे. राग मला अजूनही येतो, फक्त आता तो तिच्यावर नाही.

पण तिला बघायचं होतं. हे ती कधी बोलली नाही, मला विमलकडून कळलं. लग्नाहून परत आली की ती शालिकभाऊला चहा देई आणि विचारत बसे. नवरी कोणत्या बाजूला बसली होती? फुलं झाकणावर नीट राहिली का? वाऱ्यानं पदर उडाला का? लोक काय म्हणत होते? शालिकभाऊ पुढे बघून गाडी चालवणारा माणूस, त्याला काय माहीत मागे कोण कसं दिसतं. तो म्हणे, "चांगलं झायं अक्का." ती आणखी थोडा वेळ बसून राही.

विमलचं लग्न शिरपूरच्या मुलाशी ठरलं. मुलगा सूतगिरणीत नोकरीला, बोलायला साधा. लग्न जळगावातच, आमच्या गल्लीत मांडव. व्यापाऱ्यानं गाडी आपण होऊन देऊ केली. अक्काला दागिन्यांची, मानपानाची फार फिकीर नव्हती. तिची एकच इच्छा होती, की पोरीनं उघड्या गाडीतून सासरी जावं. तिनं महिनाभर आधीपासून हूडला हात घातला. उसवलेल्या शिवणी घेतल्या, आतले पट्टे बदलले, कापडाला ब्रशनं घासून उन्हं दाखवली. विमल मला म्हणाली, "बाई, आई त्या दिवशी तरी पुढे येईल ना? तुम्ही सांगा तिला." मी सांगते म्हणाले.

मार्गशीर्षातलं लग्न, सकाळी गारठा. दुपारचा मुहूर्त. दहाच्या सुमारास मी अक्काबरोबर पारामागे गेले, खरं म्हणजे तिला बोळातून पळू द्यायचं नाही म्हणून गेले होते. शालिकभाऊ नवा सदरा घालून बसला होता. अक्कानं कड्या सोडल्या, काच आडवी केली, डाव्या बाजूला उभी राहिली. "दाब."

हूड उठला. पंपाचा आवाज मला वेगळा वाटला, जड, दमल्यासारखा. हूड सरळ आभाळाकडे उभा राहिला आणि तिथेच थांबला. पुढे जाईना की मागे येईना. शालिकभाऊनं बटण दाबून धरलं. पंप कण्हत राहिला.

"सोड," अक्का म्हणाली. तिनं सीट उचलली, टाकीचं झाकण काढलं, बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं. मग शालिकभाऊकडे बघितलं. "यामा तू काय टाकं?"

शालिकभाऊचा चेहरा पडला. "सरकीनं तेल, अक्का. आपला मिलमधलं, गाळेल. मागला आठवडामा ब्रेक ऑइल कमी दिसनं. म्हनलं, तू लगीनना गडबडमा शे, तुले कायले तरास द्यू."

आमच्याकडे सरकीचं तेल कशाला चालत नाही? भजी त्यात, दिवा त्यात, गाडीच्या आसाला तेच. त्या भल्या माणसानं आपल्या हातचं सगळ्यात चांगलं तेल ओतलं होतं, आणि दुपारच्या उन्हात चार दिवस हूड चाललाही होता. पण तोवर वॉशर फुगले होते आणि सकाळच्या गारठ्यात तेल चिकट होऊन नळ्यांत बसलं होतं. गाडीवर हूड शेंडीसारखा उभा, आणि लांबून बँडचा आवाज.

मला वाटलं, अक्का आता त्याला बोलेल. मी असते तर बोलले असते. ती म्हणाली, "बादली आन. पाना आन."

तिनं दोन्ही सिलिंडरांच्या नळ्यांची नटं सैल केली. तेल दाबानं उडालं ते थेट तिच्या अंगावर, नव्या नऊवारीवर, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत. तिनं डोळे तेवढे पुसले. "शालिकभाऊ, तू उजवं अंग धर. मी डावं. बाई, तुम्ही मधली झोळ आत घ्या. आते सावकाश. हूडले घाई चालत नही." बँड वळणावर आला होता आणि ती म्हणत होती, घाई चालत नाही. आम्ही तिघांनी तो लोखंडाचा सगळा सांगाडा तळहातावर घेऊन इंचाइंचानं मागे झोपवला. तेल गेल्यावर हूड धक्क्यानं पुन्हा उठू नये म्हणून तिनं ताडपत्रीच्या दोरीनं त्याला तीन ठिकाणी बांधला, वर झाकण ताणलं, सीटवरचा एकन् एक तेलाचा थेंब पुसला आणि जावयासाठी गाडी तयार केली. मग आपल्याकडे पाहिलं. त्या तेलकट लुगड्यात तिला कोणासमोरही उभं राहता आलं नसतं. बोळातून जाताना तिला मी कसं अडवणार होते?

दुपारी अक्षता पडल्या. कन्यादान विमलच्या काका-काकूंनी केलं. निघायची वेळ झाली तेव्हा विमल स्वयंपाकघरात जाऊन आईच्या पाया पडली, दोघी रडल्या, आणि विमलला बाहेर नेलं. अक्का तिथेच राहिली. मी दोनदा आत गेले. पहिल्यांदा विनवून पाहिलं, दुसऱ्यांदा रागावून. ती चुलीसमोर बसून उरलेली लाकडं बाहेर ओढत होती. म्हणाली, "जा बाई, तुम्ही जा. पोर निघी राहिनी." मी बाहेर धावले तोवर गाडी हलली होती.

पुढच्याच वर्षी माझी बदली धुळ्याला झाली. जळगाव काही लांब नाही, पण माणूस आपल्या कामात गुंततं. दिवाळीला पत्र, कधी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप. हूडचे वॉशर अक्कानं कुठून कुठून मिळवून बदलले, गाडी पुन्हा लग्नांना जाऊ लागली, एवढं कळलं. मग हळूहळू लग्नवाल्यांना चकचकीत नव्या गाड्या हव्याशा वाटू लागल्या. उघडी शेडमध्येच राहू लागली. विमलच्या लग्नाला चार वर्षं झाली असतील, शिरपूरहून तिचं पत्र आलं. "बाई, आईची उघडी व्यापाऱ्यानं विकली. येत्या रविवारी इंदूरचा माणूस न्यायला येणार आहे. मला दिवस भरत आलेत, निघता येत नाही. आई काही बोलत नाहीये. तुम्ही जाल का?"

मी सकाळची एस.टी. पकडून गेले. शेडमध्ये अक्का इंदूरच्या ड्रायव्हरला शिकवत होती. तो हिंदी बोलणारा, ही अहिराणी, आणि दोघांचं उत्तम चाललं होतं. त्याचा हात चुकीच्या जागी गेला की ती त्यावर चापटी मारी. डाव्या कमानीला हात कधी द्यायचा, झोळ कधी ओढायची, तिनं त्याच्याकडून पुन:पुन्हा करवून घेतलं. तेरा-चौदा वेळा तरी हूड उठला असेल. शेवटी त्याचं त्याला जमलं. तेव्हा ती हसली नाही. एवढी वर्षं जे काम फक्त तिच्या हाताला येत होतं, ते आता आणखी कोणाला येत होतं.

निघायची वेळ झाली. तो हूड बंद करायला गेला तशी अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे. उघडीच जाऊ दे."

"धूल बैठेगी, अक्का."

"बसू दे. धुई लेजो." मग माझ्याकडे वळली. "बाई, तुम्ही मागे बसा. नाक्यापावत. पारावरथून जाशात."

"मी? छे. अक्का, तुम्ही बसा. तुमचा हक्क आहे."

"मी बसनू ते दखी कोन?"

मी स्वतःकडे पाहिलं. पंचेचाळीस वर्षांची बिनलग्नाची मास्तरीण, एस.टी.त चुरगळलेली साडी, चष्मा, हातात छत्री. नवरी म्हणून माझ्याइतकं न शोभणारं माणूस त्या गल्लीत दुसरं नसेल. अक्कानं माझ्या हातातली छत्री काढून घेतली. खांद्यावरचा पदर तळहातानं सारखा केला, कापड न तपासता. मला गाडीत बसवलं आणि शालिकभाऊला म्हणाली, "माले पोचू दे." आणि भराभर चालत पुढे गेली.

थोड्या वेळानं शालिकभाऊनं गाडी काढली, इंदूरवाला त्याच्या शेजारी. बाजाराचा दिवस नव्हता, रस्त्यावर तुरळक माणसं. सगळी थांबून बघत होती आणि नवरी कुठे आहे म्हणून मागेपुढे शोधत होती. मला आधी फार ओशाळल्यासारखं झालं. मग पार आला. अक्का पाराच्या वरच्या पायरीवर उभी होती, अगदी समोर, जिथे वरात बघायला सगळ्यात आधी गर्दी होते तिथे. दोन्ही हातांत माझी छत्री धरलेली. मी ताठ बसले. जन्मात कधी बसले नव्हते तशी बसले. शालिकभाऊनं न सांगता गाडी हळू केली. गाडी तिच्यासमोरून गेली, पुढे गेली, वळली, आणि तोवर तिची नजर हलली नाही.

नाक्यावर मी उतरले. शालिकभाऊ इंदूरवाल्याला किल्ली देऊन पानाच्या टपरीवर जाऊन उभा राहिला, मला त्याच्याकडे बघवेना. मी चालत परत आले. अक्का पारावरच बसलेली होती, चपला काढून.

"भारी दिसस," ती म्हणाली.

"मी?"

"गाडी."

आम्ही दोघी हसलो. मी शेजारी बसले. तीच आमची शेवटची भेट, पण तेव्हा ते माहीत नव्हतं, म्हणून मी धुळ्याच्या गाडीची वेळ बघत होते. मग अक्का रस्त्याकडे बघत म्हणाली, "मनी विमल अशीच दिसनी व्हयी का वं, बाई?"

चार वर्षांत तिनं हे कोणाला विचारलं नव्हतं. शालिकभाऊलासुद्धा नाही. मी घड्याळ बघणं सोडलं आणि सांगू लागले. विमल उजव्या बाजूला बसली होती. हिरवा शालू, मुंडावळ्या वाऱ्यानं मागे जात होत्या आणि जावई त्या हातानं सावरून धरत होता. झाकणावर शेवंतीच्या माळा होत्या, एकही पडली नाही. हूड बांधलेला आहे हे कोणाला कळलंसुद्धा नाही. लोक गच्च्यांवर उभे होते. मला जे जे आठवत होतं ते सगळं सांगितलं. अक्का डोळे मिटून ऐकत होती. मधे एकदाच तिनं विचारलं, "तिनी मागे वळीसन दखं का?"

मी खोटं बोलू शकले असते.

"बघितलं," मी म्हणाले. "घराच्या दाराकडे. गाडी वळेपर्यंत बघत होती."

अक्कानं डोळे उघडले नाहीत.

"मी चुल्हापासे व्हती," ती म्हणाली.